जंत, जंतू आणि यजमान

पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली पानवेल मरायला लागली की आधी पानांचा रंग उतरतो. पाने लहान येतात, पेरे आखूड होतात आणि एखाद्या पावसाळ्यात बुंधा जमिनीलगत काळा पडून वेल मान टाकते. माझे काका अशी वेल मुळासकट उपटत. मुळे पाटाच्या पाण्यात खळबळून धूत आणि उन्हात धरून मला दाखवत. त्यांवर मोहरीएवढ्या, कधी ज्वारीएवढ्या गाठी असत. "मर लागली," एवढेच म्हणून काका पुढच्या ओळीकडे वळत.

त्या गाठींत काय असते ते मला कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आत सूत्रकृमीची मादी ठाण मांडून बसलेली असते, फुगून पेअरच्या फळासारखी झालेली. तोंडातली सुई ती मुळाच्या पेशींत खुपसते आणि त्या पेशींचे वळणच बदलून टाकते. पेशी स्वतःची कामे सोडून मोठमोठ्या होतात आणि तिला पोसत राहतात. मला वाटले, सापडला गुन्हेगार. सुट्टीत घरी आल्यावर काकांना ऐटीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग गाठी असलेल्या सगळ्याच वेली का मरत नाहीत रे?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढे कळले की एकटा सूत्रकृमी वेलीला खंगवतो, पण सहसा मारत नाही. मारायला येते ती पावसाळी ओलीत वाढणारी फायटोफ्थोरा नावाची बुरशी. (शास्त्रज्ञ हल्ली तिला खरी बुरशी मानत नाहीत, पण वाडीत ती बुरशीच.) कृमीने मुळे पोखरून वेलीला दुबळे केले असले की बुरशीचे काम सोपे होते. आणि काका दसऱ्याला विकायला म्हणून बांधावर जो झेंडू लावत, त्याच्या मुळांतून सूत्रकृमींना न मानवणारे द्रव्य पाझरते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना ती धुतलेली मुळे सारखी डोळ्यांपुढे येत होती. लेखिका एके काळची माझी विद्यार्थिनी. परजीवी प्राण्यांच्या अभ्यासात तिने उमेदीची सारी वर्षे घातली. "सर, प्रस्तावना तुम्हीच लिहायची," असे तिने फोनवर सांगितले तेव्हा मी आढेवेढे घेतले. माझे ज्ञान जुने, तिचे ताजे. पण पुस्तकाचा गाभा काकांच्या त्या प्रश्नातच आहे, म्हणून लिहायला बसलो. परजीवी आणि त्याला पोसणारा, अशी दोघांची गोष्ट सांगायची आपल्याला सवय आहे. एक लुबाडणारा, दुसरा लुबाडला जाणारा. पुस्तक म्हणते की गोष्टीत बहुतेक वेळा तिसरा असतो. तो दिसत नाही म्हणून आपण त्याला मोजत नाही. त्याला मोजायचे तर आधी त्याच्यावाचूनचे जग तयार करावे लागते, आणि त्यासाठी माणसाने जंतुविरहित प्राणी वाढवण्याचा विलक्षण खटाटोप केला.

आधी थोडे शब्दांविषयी. मराठीत लिहिणाऱ्याची या विषयात पहिली अडखळ तिथेच होते. संस्कृतात जंतू म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव. आपण त्या एका शब्दाचे दोन केले. पोटातला, वळवळणारा, डोळ्यांना दिसणारा तो जंत. न दिसणारा, पाणी उकळून मारायचा तो जंतू. फरक एका उकाराचा, पण त्या उकाराच्या अलीकडे एक शास्त्र आणि पलीकडे दुसरे. जंतांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्राच्या इमारतीत बसले, जंतूंचा अभ्यास करणारे सूक्ष्मजीवशास्त्राच्या. दोन्ही इमारती एकाच आवारात असूनही चहाची टपरी वेगळी. एकाच आतड्यात राहणाऱ्या या दोघांची गाठ अभ्यासकांनी कितीतरी उशिरा घालून दिली, त्याचे एक कारण मला तरी हेच वाटते.

दुसरा शब्द यजमान. परजीवी ज्याच्या अंगावर वा अंगात राहतो त्याला पाठ्यपुस्तकांनी हे नाव दिले आणि वर्गावर्गांत हशा पिकवला. आमच्याकडे बायका नवऱ्याला यजमान म्हणत. "यजमानाच्या लहान आतड्यात हा कृमी आठ-दहा वर्षे सुखाने नांदतो," असे मी फळ्याकडे तोंड करून म्हटले की मागच्या बाकांवरून खसखस ऐकू येई. शिवाय यजमान पाहुण्याला बोलावतो, इथे बोलावले कोणी? मराठी विश्वकोशाने 'जीवोपजीवी' आणि 'पोषक' असे शब्द योजले. ते नेमके आहेत, पण जिभेवर रुळले नाहीत. लेखिकेने यजमानच ठेवला आहे. मी हरकत घेतली नाही, कारण पुढची प्रकरणे वाचल्यावर पटते की हा यजमान अगदीच बिनबोलावता गाठलेला नाही. दार उघडणारा कोणीतरी घरातलाच असतो.

आमच्या लहानपणी जंत हा आजार नव्हता, ती बालपणाची एक अवस्था होती. पोर झोपेत दात खाऊ लागले, गूळ मागू लागले की आजी निदान करून मोकळी होई. मग वावडिंगाचे चूर्ण, पळसाच्या बिया, आणि सकाळी एरंडेल. दात खाण्याचा आणि जंतांचा तसा धड संबंध नाही, पण आजीचे निदान तरीही पुष्कळदा बरोबर येई. पोरेच इतकी जंताळलेली असत की कोणतेही लक्षण धरले तरी चालले असते. गोलजंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि परसाकडेला उघड्यावर जाणारे गाव ती मातीत पसरवते.

गोलजंत निदान दिसे तरी. खरा चोर अंकुशकृमी. वाडीत त्याला हवे ते सगळे होते: नारळी-पोफळींची दाट सावली, पाटाच्या पाण्याने सदा ओली माती, समुद्राकाठची ऊब. त्याच्या अळ्या तोंडावाटे येण्याची वाट बघत नाहीत, अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतात. तिथून रक्तात, फुप्फुसात, घशात आणि गिळले जाऊन आतड्यात. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा कृमी आतड्याला दातांनी चिकटतो. त्याच्या दोन मुख्य जातींपैकी जी अधिक अधाशी, तिचा एक कृमी रोज ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. थेंब म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा, पण आत शंभर असले तर? वाडीत मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायांचे डोळे पांढरे दिसत, चार पाट्या माती उचलली की त्या बसत, आणि त्यांना आळशी म्हणणारी माणसे पायांत वहाणा घालून बांधावर उभी असत. त्या माणसांत आमच्या घरचेही होते.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात, मोठ्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक. काम उत्तम. तरी गोळी जंत पाडते, माती बदलत नाही, आणि काही महिन्यांत पोर पुन्हा भरते. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या पोटात जंतांचा गोळा आणि दुसऱ्याच्या पोटात दोन-चारच, असे का होते? सवयी, वंश, प्रतिकारशक्ती ही उत्तरे जुनी आहेत आणि खोटी नाहीत. त्यांच्याबरोबर आता आतड्यातल्या जंतूंचेही नाव घ्यावे लागते.

इथून हे पुस्तक माहीम सोडून फार लांब जाते.

१८८५ साली लुई पाश्चर यांनी एक मत मांडले: जंतूंवाचून प्राणी जगूच शकणार नाही. जंतू मारायला जगाला शिकवणाऱ्या माणसाने हे म्हणावे यात गंमत आहे. दहा वर्षांनी, १८९५ साली, बर्लिनमध्ये नटॉल आणि थिअरफेल्डर या दोघांनी पोट कापून गिनीपिगचे पिलू काढले, निर्जंतुक पेटीत ठेवले आणि रात्रंदिवस तासातासाला निर्जंतुक दूध पाजून आठ दिवस जगवले. आठच दिवस, पण पाश्चरच्या मताला तडा गेला. पिढ्यानपिढ्या असे प्राणी वाढवणे जमायला पुढची काही दशके लागली. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स १९२८ पासून या कामाला लागले. यंत्रे जुळवण्याचा त्यांचा हात घरातूनच आलेला होता. त्यांनी पोलादाच्या बंद टाक्या बनवल्या, त्यांना रबराचे लांब हातमोजे जोडले आणि बाहेर उभे राहून आतले उंदीर सांभाळले. १९५० च्या दशकात ट्रेक्सलर यांनी पोलादाच्या जागी प्लॅस्टिकचे पातळ तंबू आणले. काम स्वस्त झाले आणि जगभर पसरले.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ जण या भागात आहेत. गाळलेली हवा, दोन दारांमधली खोली, डोक्यापासून पायापर्यंतचा झगा हे त्यांना सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की तिथे आत औषध असते, इथे एक जिवंत प्राणी. तो खातो, हगतो, पिले घालतो, आणि त्याच्या अन्नाचा कण न् कण, अंथरुणाची काडी न् काडी वाफेत तावून आत जाते. एकदा मोज्याला सुईएवढे भोक पडले की महिन्यांची मेहनत गेली.

अशा पेटीत वाढलेला प्राणी निरोगी दिसतो, पण तो नेहमीचा प्राणी नव्हे. उंदराचे अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, फुगून कितीतरी पट होते. आतड्याची भिंत पातळ राहते. के जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, कारण ते बनवणारे जंतू नाहीत, आणि न दिल्यास रक्तस्राव होतो. रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या वसाहती अर्ध्याकच्च्या राहतात, कारण त्यांना तालीम द्यायला कुणी आलेच नाही. अशा कोऱ्या प्राण्यात एक परजीवी सोडला तर काय होईल? मग एक परजीवी आणि एकच ओळखीचा जंतू सोडला तर? पुस्तकाची मधली तीन प्रकरणे याच प्रश्नांवर आहेत.

यातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग आवेचा. आव पाडणारा अमीबा, एन्टामीबा हिस्टोलिटिका, पुष्कळांच्या पोटात असतो आणि त्यांतले थोडेच आजारी पडतात, हे डॉक्टरांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छळत होते. १९५५ साली ब्रूस फिलिप्स, रेनियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या आणि जंतुविरहित अशा दोन्ही गिनीपिगांच्या अंधांत्रात हा अमीबा थेट टोचला. साध्या गिनीपिगांना आतड्यात व्रण पडले. जंतुविरहितांना काहीही झाले नाही. मग त्यांनी जंतुविरहित गिनीपिगमध्ये एकाच जातीचा जंतू आधी वसवला, अगदी साधा, आपल्या सर्वांच्या पोटात असतो तो ई. कोलाय, आणि मग अमीबा टोचला. व्रण पडले. म्हणजे आव कोणामुळे झाली? अमीबामुळे, हे उत्तर खरे आहे. ई. कोलायमुळे हे खोटे आहे, कारण तो एकटा असताना निरुपद्रवी होता. पण त्याच्याशिवाय झाली नाही, हेही खरे आहे.

इथे लेखिकेने एक प्रामाणिकपणा केला आहे, तो मुद्दाम नोंदवतो. फ्रेंच परजीवीतज्ज्ञ एमिल ब्रम्प्त यांनी १९२५ साली म्हटले होते की दिसायला हुबेहूब असे दोन अमीबा आहेत, एक रोग करणारा, एक न करणारा. कोणी फारसे ऐकले नाही. १९९३ साली ते खरे ठरले आणि दोन्हींची नावे वेगळी झाली. तेव्हा 'पुष्कळांच्या पोटात, पण थोडेच आजारी' या कोड्याचा मोठा भाग जंतूंनी सुटतच नव्हता, तिथे मुळात दोन वेगळे जीव होते. आवडता सिद्धांत हातात असताना त्याला न झेपणारी बाजू आपणहून मांडणारे लेखक कमी.

कोंबड्या-टर्कींच्या काळ्या डोक्याच्या रोगाची गोष्ट तर डब्यातल्या डब्यांची आहे. रोगाचा एकपेशीय जीव पक्ष्याच्या आतड्यातल्या एका जंताच्या अंड्यात लपून बाहेर पडतो, ते अंडे गांडुळाच्या पोटात जाते, गांडूळ दुसरा पक्षी टिपतो. जंताचा हा भाग थिओबाल्ड स्मिथ यांनी १९२० च्या सुमारास उलगडला. चाळीसेक वर्षांनी जंतुविरहित टर्कींवर प्रयोग झाले आणि दिसले की एवढा प्रवास करून आलेला तो जीव जंतूंवाचून रोग करू शकत नाही. एका रोगाला इतके साथीदार लागतात हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि अंगणात एक फेरी मारून आलो.

चाबूककृमीने मात्र मला आमच्या लोकलची आठवण करून दिली. उंदराच्या आतड्यातल्या या जंताची अंडी तिथे पोचली तरी आपसूक फुटत नाहीत. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० साली दाखवले की आतड्यातले जंतू आपल्या बारीक केसांनी अंड्याच्या टोकाच्या बुचाला चिकटतात, तेव्हा ते उघडते आणि अळी बाहेर येते. जंतुनाशक औषधे देऊन जंतू कमी केले की जंतही कमी. जंताने बाहेरच्या जगात महिनोन्महिने दम धरून ठेवलेला असतो तो या खुणेसाठी. खूण पटली की आपण योग्य घरी आलो. नंतरच्या कामात, २०१८ साली, आणखी एक गोष्ट पुढे आली. आत वसलेले जंत आतड्यातल्या जंतूंची घडणच बदलतात, आणि त्या बदललेल्या जंतूंच्या संगतीत नवी अंडी नीट फुटत नाहीत. २०१३ पासून डहाणूहून चर्चगेटला लोकल जाते. पालघरला सकाळी तिच्यात घुसताना जो "सरका आत" म्हणून ओरडतो, तोच विरारला दारात आडवा उभा राहून "जागा नाय" म्हणतो. आत शिरल्यावर जंताचेही असेच असावे. फक्त त्याला स्वतः आडवे राहावे लागत नाही, तो हे काम जंतूंवर सोपवतो.

हत्तीपायाचे प्रकरण मी दोनदा वाचले, कारण तो आमच्या किनाऱ्याचा रोग. लहानपणी रात्री नवाच्या पुढे आरोग्य खात्याची माणसे कंदील घेऊन येत, झोपलेल्यांना उठवून बोटाला सुई टोचत आणि काचपट्टीवर रक्त घेत. दिवसा का येत नाहीत, असे आई वैतागून विचारी. कारण हत्तीपायाच्या जंताची, म्हणजे फायलेरियाची, पिले दिवसा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. हे रात्रीचे वेळापत्रक पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात शोधले. त्याआधी, १८७७ साली, त्यांनी आपल्या फायलेरिया झालेल्या माळ्याला डास चावू दिले आणि ते डास फाडून आतला जंत वाढताना पाहिला. डासातून रोग जातो हे कळण्याची ती सुरुवात. पुढचे मात्र त्यांचे चुकले. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असे ते मानून बसले होते.

या जंताच्या आत जंतू आहेत. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले, आणि कोणालाही त्यांचे काय करावे ते सुचले नाही. त्यांचे नाव वोल्बाकिया. डासांमध्ये ते १९२४ सालीच सापडले होते. विसाव्या शतकाच्या शेवटी कळले की फायलेरियाचा जंत या जंतूंवाचून जगू शकत नाही. डॉक्सिसायक्लिन हे जंतुनाशक काही आठवडे दिले की जंताच्या आतले वोल्बाकिया मरतात, मादी वांझ होते आणि पुढे जंतही मरतो. जंताला मारायला जंतूवर नेम धरायचा. माणूस जंताचा यजमान, जंत जंतूचा यजमान, आणि ज्या डासाने हे सगळे आणले त्याच्याही अंगात वोल्बाकियाचीच भावंडे. लहान मुलांना आणि गरोदर बायांना हे औषध चालत नाही, आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते, त्यामुळे गावोगाव वाटायच्या मोहिमेत ते बसत नाही. मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या असतात. काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आले. महाराष्ट्रात त्याची सुरुवात २०१९ साली नागपुरात झाली.

आणि एवढे सगळे होऊनही, पाय हत्तीसारखा होतो तो केवळ जंताने नाही. जंत लसीकावाहिन्या निकामी करतो, पाय सुजतो. मग बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून साधे कातडीवरचे जंतू आत शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो, आणि अशा प्रत्येक झटक्यागणिक कातडी जाड होत जाते. म्हणून हत्तीपाय झालेल्याला डॉक्टर सांगतात: पाय रोज साबणाने धुवा, बेचक्या कोरड्या करा, पाय उंच ठेवा. आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पाय धूत, इतके सावकाश की पोरे त्यांची नक्कल करत. त्यांना हे कोणी सांगितले होते देव जाणे, पण शेवटपर्यंत ते स्वतःच्या पायांनी बाजारात जात.

परजीवीला कोणता यजमान मिळतो यावर सगळा इतिहास कसा फिरतो, याचे उदाहरण म्हणून लेखिका रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या गिमवीला जाते. लघवीतून रक्त जाणारा एक रोग आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत पसरलेला. त्याचा चपटा कृमी तिथल्या विशिष्ट गोगलगायींत वाढतो. त्या गोगलगायी भारतात नाहीत, म्हणून हा रोग इथे रुजणार नाही, असे धरलेले होते. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी गिमवीच्या लोकांत तो शोधून काढला. मुंबईपासून इतक्या जवळ, कोकणातल्या एका खेड्यात. कृमीने इथे टोपीच्या आकाराची, नखाहूनही लहान अशी दुसरीच गोगलगाय पत्करली होती, फेरिसिया टेन्युइस. रुग्णांवरचे उपचार आणि गोगलगायींविरुद्धची मोहीम यांनंतर तो रोग तिथे ओसरला. या प्रकरणावर मराठीत इतके कमी लिहिले गेले आहे याचे मला वाईट वाटते. मलेरिया डासातून पसरतो हे दाखवणाऱ्या रॉसचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ, गिमवीचे नाव गुहागरच्या पुढच्या तालुक्यात कोणाला माहीत नाही.

नारूचे प्रकरण त्यामानाने लहान आहे आणि तसे असणे योग्यच. पायविहिरींतून पसरणारा तो जंत देशात १९९६ नंतर दिसला नाही आणि २००० साली भारताला नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पण तिथेही एक वाक्य मी अधोरेखित केले आहे. काडीवर गुंडाळताना जंत तुटला की माणूस महिनोन्महिने अंथरूण धरी, ते जखमेत शिरलेल्या जंतूंमुळे.

आता दोन तक्रारी. जंतुविरहित उंदरावर जे सिद्ध झाले ते माहीमच्या पोरावर लागू पडेलच असे नाही, हे पुस्तकात आहे, पण ते जरा आणखी ठासून हवे होते. पेटीतला उंदीर एकाच वंशाचा, एकच खाणे खाणारा, पातळ आतड्याचा. आमचे पोर बोंबील खाते, मातीत लोळते, अर्धवट कुपोषित असते, आणि त्याच्या पोटात एक परजीवी नसतो, चार असतात. जंतूंवाचून डासाच्या अळ्याही पहिल्याच अवस्थेत अडकून राहतात असे आधी दिसले होते, मग कोणीतरी त्यांना खास पौष्टिक खाद्य देऊन वाढवून दाखवले. खाणे बदलले की नियमही वाकला. दुसरी तक्रार शेवटच्या प्रकरणाची. पोटात जंत असलेल्यांना दमा, ॲलर्जी, आतड्याचे काही दाह कमी होतात असे निरीक्षण आहे, आणि परदेशात डुकराच्या चाबूककृमीची अंडी पाजून उपचार करण्याचे प्रयोग झाले. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पुढच्या मोठ्या चाचण्यांनी निराशा केली. लेखिकेने हे समतोलपणे लिहिले आहे. मला तितका समतोल राखता येत नाही. 'जुने मित्र' म्हणून जंतांचे गोडवे गाणारे लेख मी वाचतो तेव्हा मला वाडीच्या बांधावर बसलेल्या, डोळे पांढरे पडलेल्या बाया दिसतात. त्यांचे हे मित्र नव्हते.

पुस्तकाची भाषा साधी आहे, चित्रे स्वच्छ आहेत, शब्दसूची उपयोगी आहे. शाळेतल्या शिक्षकाने ती आधी वाचावी. अमीबाच्या प्रकरणातली एक आकृती उलटी छापली गेली होती, ती मी कळवली आहे.

मागच्या आषाढात काकांच्या वाडीत, आता चुलतभावाच्या, एक वेल मेली. मी ती उपटली, मुळे धुतली, गाठी होत्या. कौतुकाने बाटलीत घालून लेखिकेला पाठवून दिली, म्हटले पुस्तकाच्या मुखपृष्ठाला उपयोगी पडेल. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आभार वगैरे मानून झाल्यावर म्हणाली, "सर, मुळे धुतलीत कशाला? मला माती हवी होती."